झोपलेली निर्गुडी

एकादशीला निर्गुडी झोपली आणि पाचव्या दिवशी सकाळी भिकुबाई न्हाणीच्या दारात बसल्या, त्या उठल्या नाहीत. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर हिलाल नानांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता. आणि नाना चहा तर सोसायटीच्या निवडणुकीत त्यांना पाडणाऱ्यालाही पाजत आले होते. पाडणारा दर वेळी तोच असल्यामुळे त्याला साखर किती लागते हेही त्यांना पाठ होतं.

निर्गुडी झोपते म्हणजे काय, हे एरंडोलच्या आसपासच्या गावांत समजावून सांगावं लागत नाही. अंजनी नदीकडच्या बांधावरचं ते झुडूप नानांचे वडील उखर्डू आबा यांनी लावलं. पान चुरगळलं की हाताला दिवसभर उग्र वास राहतो. आबा ती पानं गरम करून सुजलेल्या गुडघ्यावर बांधायला देत, तेलात कढवून चोळायला देत, आणि फुकट देत. आषाढी ते कार्तिकी मात्र तोड बंद. देव झोपले, झाडही झोपलं. खरं कारण असं की पावसाळ्यात पानं वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते. पण बुरशीवर कोणाचा विश्वास बसत नाही आणि देवावर बसतो, हे आबांना शाळेत न जाता कळलं होतं. त्यांनी बुरशीचं काम देवाकडे सोपवलं आणि साठ वर्षं ते बिनतक्रार चाललं. झाड झोपलं की रोग्यानंही औषध सोडायचं, हे त्यातलं पथ्य. पानं बांधायची थांबवल्यानं कोणाचं काही बिघडत नसे. फार तर गुडघा पुन्हा दुखे, आणि गुडघा दुखून कोणी मेल्याचं पंचक्रोशीत ऐकिवात नव्हतं.

पुडी आली ती मागच्या कार्तिकीला. ती नातवाची, भूपेंद्रची कल्पना. लोक मोटरसायकलवर येऊ लागले होते, पानं शेकत बसायला त्यांना सवड नव्हती. भूपेंद्र धुळ्यात सुलक्षणा आत्याकडे राहून फार्मसी शिकला, तिथेच एका मेडिकलवर लागला. सुटीच्या दिवशी येऊन तो वाळलेली पानं मिक्सरमधून काढी आणि पुड्या बांधी. रोज एक, कोमट पाण्यासोबत. पोटात घ्यायचं औषध आबांनी कधी दिलं नव्हतं. पण नानांच्या पत्नी भिकुबाई पुडी घेऊ लागल्या आणि महिन्याभरात गच्चीवर पापड वाळत घालायला चढल्या. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

भिकुबाईंना सकाळी हलवलं त्या जळगावच्या खासगी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर सुलक्षणा पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. धुळ्याहून बसमध्ये भूपेंद्र शेजारी होता आणि पारोळ्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. सुलक्षणा शाळेत शिकवते. गप्प बसलेल्या मुलाला एक तर उत्तर येत नसतं किंवा फार नीट येत असतं, हे तिला वर्गात लगेच ओळखू येई. घरच्या मुलावर तिनं ही विद्या कधी वापरून पाहिली नव्हती.

बाकावर नाना मध्ये बसले होते. त्यांच्या बाजूला भूपेंद्रची आई कुंदावहिनी, मांडीवर डबा. डबा निघताना भरला होता आणि तसाच होता. थोरला भाऊ नवल फाइल घेऊन उभा होता. त्याला तिच्यातलं काही कळत नव्हतं, पण तो पानं उलटत होता, कारण कोणीतरी उलटायला हवी होती.

"माय कशी आहे?" तिनं विचारलं.

"शे," नवल म्हणाला. ‘आहे’ एवढंच सांगणाऱ्या त्या एका अक्षराच्या वर त्याच्याकडे बातमी नव्हती.

डॉक्टर सारिका बाहेर आल्या. तिशीची बाई, पायात रबरी चपला. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की रक्तदाब सत्तरच्या वर येत नाही. सलाईनच्या तीन बाटल्या गेल्या, तरी हलत नाही. अंगातलं मीठ उतरलंय, साखर उतरलीय. मोठे डॉक्टर जंतुसंसर्ग म्हणतात आणि औषधं त्याचीच चालू आहेत, पण तपासण्या त्याला साथ देत नाहीत.

"यांचा चेहरा असा गोल कधीपासून आहे?"

कुंदाबाईंना या प्रश्नानं जरा बरं वाटलं. सकाळपासून कोणी सासूबद्दल चांगलं बोललं नव्हतं. "पाच-सहा महिना व्हयनात. तब्येत सुधारनी त्यासनी."

सगळ्या भाऊबंदांनी ही सुधारणा पाहिली होती. म्हातारपणी बाळसं धरलं, असं लग्नाकार्यात लोक म्हणत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा सुलक्षणानंही ते गाल पाहिले होते. पुडी एकदा तपासून घेऊ, एवढंच ती म्हणाली होती. त्यावर नवलनं तिला विचारलं होतं, की तुझ्या शाळेतली खिचडी तू तपासून खातेस का. पुढचे दोन दिवस बहीणभाऊ आईमार्फत बोलत होते. सुलक्षणानं तो विषय सोडला तो सोडलाच. भांडणात हरण्यापेक्षा माहेर राखावं, असा तिनं हिशेब केला होता.

"हातावर हे काळेनिळे डाग आहेत. कातडी कागदासारखी झालीय," डॉक्टर म्हणाल्या. "मी तिसऱ्यांदा विचारते. या स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होत्या का? दम्यासाठी, सांध्यांसाठी, कशाहीसाठी?"

"गोळी तिनी जन्मात गिळेल नही, मॅडम," नाना म्हणाले. "फक्त निर्गुडी. आमना बांधावरली शे."

"ती चालू आहे?"

"नही. एकादशीपासून बंद. झाड झोपेल शे."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि काही न लिहिता खाली केलं. झोपलेल्या झाडासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. "निर्गुडीनं हे होत नाही, आजोबा. फार तर पोट बिघडेल, कोणाला पुरळ येईल. हे वेगळं आहे. अंगात एक ग्रंथी असते. ती रोज थोडं रसायन बनवते, त्याच्या जोरावर माणूस उभा राहतो. तेच बाहेरून रोज मिळत गेलं की ती काम सोडून बसते. मग बाहेरचं एकदम थांबलं की आतलंही नसतं आणि बाहेरचंही नसतं. मला तोच संशय आहे. चाचणी पाठवलीय, पण उत्तर संध्याकाळी येईल आणि संध्याकाळपर्यंत यांच्याकडे वेळ आहे असं मला वाटत नाही. मोठ्या डॉक्टरांना मी नुसता संशय सांगितला, त्यांनी ऐकला नाही. मला कोणीतरी हो म्हणायला हवंय."

त्या आत गेल्या. नवलनं फाइलचं आणखी एक पान उलटलं.

"नाना, पुडीत काय असतं?" सुलक्षणानं विचारलं.

"पान."

"पान आणि काय?"

"सुली, तू पहिल्यापासून मांगे लागेल शे," नवल म्हणाला. त्यानं मग आवाज न चढवता आखाजीचं भांडण होतं तिथून पुढे उचललं. बहिणीला आबांचं नाव खुपतं, शिकलेल्या माणसाला घरचं काही चालत नाही, वगैरे. सुलक्षणानंही उत्तरं दिली. दोघं आईच्या दारात, आई आत असताना, आईच्याच गालांवरून भांडत होते आणि नाना दोघांच्या मधोमध बसून समोरच्या भिंतीवरची रुग्णांच्या हक्कांची पाटी वाचत होते. ती त्यांनी सकाळपासून चारदा वाचली होती.

"मिक्सरमा पांढरं व्हतं," कुंदाबाई डब्याकडे बघत म्हणाल्या.

दोघं थांबले.

"मी धुयं तवय देखं. चिकटेल व्हतं झाकणले. माले वाटनं साखर शे, कडू लागाले नको म्हनीसन." त्यांनी मान वर केली नाही. मुलाकडे पाहिलं तर तो अडकेल आणि न पाहावं तर सासू जाईल, अशा जागी त्या बसल्या होत्या आणि तिथून डब्याशिवाय दुसरीकडे पाहण्याची सोय नव्हती.

भूपेंद्र खिडकीशी उभा होता. बसमध्ये त्यानं हे वाक्य बऱ्याच प्रकारे जुळवलं होतं. एका प्रकारात दोष मिक्सरचा होता, एकात मेडिकलच्या मालकाचा. शेवटी निघालं ते सगळ्यांत लहान होतं.

"पुडीत अर्धी गोळी असते, नाना. स्टेरॉइडची. सगळ्याच पुड्यांत."

मग तो नानांच्या पुढ्यातून चालत डॉक्टरांच्या दारापर्यंत गेला, दार वाजवलं आणि गोळीचं नाव आणि वजन सांगितलं. मेडिकलच्या काउंटरवर सांगतात तसं, एका दमात. आतून धावपळीचा आवाज आला. कोणीतरी इंजेक्शन मागितलं.

त्यानं हे का केलं, असं नंतर बऱ्याच जणांनी बऱ्याच प्रकारे विचारलं, काहींनी गणवेशात. खरं उत्तर त्याला एकालाही देता आलं नाही, कारण ते फार पोरकट होतं. मागच्या कार्तिकीला झाड उठलं तेव्हा बांधावर चारच माणसं आली होती. हायवेवर हाडांच्या डॉक्टरची मोठी पाटी लागली होती. नाना उन्हं वर येईपर्यंत बाजेवर बसून राहिले, मग पानांची टोपली तशीच घरी आणली. म्हणाले, आता लोके बरा व्हई ग्यात. घरात आजी गुडघे धरून रडत होती. साधी पुडी पंधरा दिवस देऊन झाली, काही फरक पडला नाही. म्हणून त्यानं आजीच्या एकट्या पुडीत अर्धी गोळी घातली. पाचव्या दिवशी ती चालली आणि नाना साऱ्या गावभर सांगत सुटले. पंधरवड्यात बांधावर चाळीस माणसं होती आणि प्रत्येकाला भिकुबाईंची पुडी हवी होती.

गोळी हळूहळू कमी करत न्यायची असते, एकदम तोडायची नसते, हे त्याला माहीत होतं. परीक्षेत त्यानं त्याचं उत्तर लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. ज्येष्ठात येऊन पुड्यांमधलं माप उतरवत नेऊ, असं त्यानं ठरवलं होतं. मालकानं रजा दिली नाही. दशमीला त्यानं नानांना फोन केला आणि म्हणाला, या साली झाड जरा उशिरा झोपवलं तर?

नाना पोटभर हसले. म्हणाले, "देवले इचारीसन सांगस."

तीनच्या सुमारास भिकुबाईंनी डोळे उघडले. रक्तदाब शंभरवर आला होता. त्यांनी कुंदाबाईंना विचारलं, की म्हैस कोणी सोडली, आणि पुन्हा झोपल्या. बाहेर डबा उघडला गेला. भाकरी कडक झाली होती, तरी सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली. भूपेंद्रच्या हातावरही कोणीतरी तुकडा ठेवला. आता सगळं हळूहळू नीट होईल असं वाटण्याला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ त्यांना मिळाला.

डॉक्टर सारिका स्टूल ओढून बाकासमोर बसल्या. "ही पुडी आणखी कोण घेत होतं?"

नानांनी हातातली भाकरी डब्यात परत ठेवली.

"यादी असेल ना?"

यादी नव्हती. आबांचा नियमच होता, की येणाऱ्याला नाव, गाव, जात विचारायची नाही. विचारलं की देणाऱ्याच्या मनात माणूस लहानमोठा होतो. नानांना या नियमाचा फार अभिमान. एका वर्तमानपत्रवाल्यानं त्यावर अर्धं पान लिहिलं होतं, ते घरात चौकटीत लावलेलं आहे. नानांनी डॉक्टरांना नियम सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांनी माफी मागितल्याच्या आवाजात सांगितला.

"अंदाजे किती?"

"महिन्याला दोनशे पाकिटं बांधतो मी," भूपेंद्र म्हणाला. "एकात तीस पुड्या."

"आणि त्या सगळ्यांनी कधी थांबवली?"

यावर नवलनं फाइल मिटली. सगळ्यांनी एकाच दिवशी थांबवली होती. उपास करून, आंघोळ करून, हात जोडून थांबवली होती. पथ्य मोडणारं त्यांत कोणी असेल तर तेवढंच सुरक्षित होतं.

डॉक्टर म्हणाल्या, की मला हे वर कळवावं लागेल, पण कागद फिरेपर्यंत माणसं थांबणार नाहीत. आजच्या आज लोकांपर्यंत पोचा. ज्याला चक्कर, उलटी, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं त्यानं लगेच दवाखाना गाठावा. बाकीच्यांनीही डॉक्टरला पुडी दाखवावी, गोळी तो हळूहळू उतरवील. एवढं सांगून त्या गेल्या आणि उद्याच्या बाजारात भोंगा फिरवायचा का, यावर घरात नव्यानं दोन तट पडले. मात्र यावेळी माणसं उलट्या बाजूंना होती.

आखाजीपासून पुडीविरुद्ध बोलणारी सुलक्षणा म्हणाली, दोन दिवस थांबू. धुळ्यात तिच्या ओळखीचे वकील आहेत. भूपेंद्र सहा वर्षं तिच्या घरात वाढला, तिच्या हातचं जेवला. त्याचं नाव भोंग्यावरून गेलं तर तो कुठे जाईल? नवलनं बहिणीला दुजोरा दिला. गेल्या आखाजीनंतर त्या दोघांचं एका गोष्टीवर जमल्याची ही पहिली वेळ. ज्यांनी सकाळी पोराला वाचवायला साखरेचं नाव घेतलं होतं त्या कुंदाबाई डब्याचं झाकण लावत होत्या.

"आपली माय वाचनी," त्या म्हणाल्या. "बाकीनासले माय नही शे का?"

नाना उठले. चपला शोधायला त्यांना वेळ लागला. चपला पायातच होत्या.

दुसऱ्या दिवशी एरंडोलचा बाजार; नावगाव ठाऊक नसलेली माणसं एकत्र सापडली तर तिथेच. गिरधरची रिक्षा अशा कामांसाठी तालुक्यात प्रसिद्ध आहे. साड्यांचा सेल, हरवलेलं माणूस, कीर्तन, नळाला पाणी नाही, सगळं तोच फिरवतो. दुकानामागच्या खोलीत त्यानं नानांना माईकसमोर बसवलं आणि मजकूर ऐकून घेतला. गिरधरचा बापही पुडी घेत होता. त्यानं ते त्या वेळी सांगितलं नाही. फक्त मोबाईल काढून घरी फोन केला, दोन वाक्यं बोलला आणि मग म्हणाला, बोला नाना.

नाना बोलले. "मी हिलाल उखर्डू. मी दिधेल पुडीमा डॉक्टरनी गोळी व्हती. मी तुम्हले सांगं नही. पुडीनी गोळी एकदम सोडू नका. एकादशीले सोडी दिधी व्हई त्यासनी आजच दवाखानामा जा. पुडी डॉक्टरले दाखाडा." नातवाचं नाव त्यात नव्हतं. ते घालावं की नाही यावर रात्री घरात कोणी काही बोललं नव्हतं, आणि नानांनी कोणाला विचारलंही नाही.

"जरा जोरात बोला," गिरधर म्हणाला. "रडल्यासारखं येतं. लोके समजतात कोनी वारलं."

दुसऱ्यांदा नाना जोरात बोलले. गिरधरच्या यंत्रात दोन वाक्यांच्या मध्ये आपोआप सनई वाजते, ती कशी बंद करायची हे त्याला माहीत नव्हतं. सनईसकट रिक्षा बाजारात शिरली. नाना पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागून त्यांचाच आवाज येत होता आणि तो त्यांना ओळखू येत नव्हता. लोक ऐकत होते, मिरच्या निवडता निवडता मान हलवत होते. नानांना पाहून रामराम करत होते. त्यांच्यासमोर लाज वाटायची तयारी नाना रात्रभर करत आले होते, पण कोणी तुच्छतेनं पाहीना. तेव्हा त्यांना बाजारात पहिल्यांदा भीती वाटली.

बसस्थानकाजवळ रिक्षा थांबली आणि माणसं गोळा झाली. एक म्हातारा म्हणाला, "नाना, एकादशीपासून मना पाय धरायेल शेत. सोडू नका म्हनतस ना, मंग द्या." दुसऱ्यानं सांगितलं, डॉक्टरची गोळी होती तरी देणारा हात तर नानांचा होता. तिसरा कोणाला तरी समजावत होता, की झाड मध्येच उठलंय, अशी वेळ कधी येत नाही. नाना खाली उतरून एकेकाला सांगू लागले, दवाखान्यात जा, ही पुडी माझी नव्हे, मी खोटं सांगितलं. ते जेवढं सांगत तेवढे लोक हात जोडत. एवढा मोठा माणूस आणि किती नम्रपणा, असं कोणीतरी म्हणालं. मागे भोंगा चालू होता. थोड्या वेळात माणसांनी आपसूक रांग केली, बांधावर करत तशी, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे.

"गिरधर, ते बंद कर," नाना म्हणाले. गिरधरनं आवाज बंद केला, सनई राहिली.

बायकांच्या रांगेतून एक बाई पुढे आल्या. नानांना चेहरा आठवत होता, नाव कधी विचारलं नव्हतं. हिवाळ्यात त्या नवऱ्याला बैलगाडीतून घेऊन आल्या होत्या आणि उन्हाळ्यात तो स्वतः सायकल चालवत आला होता. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"परवा ग्यात ते," त्या म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, रडून झालं होतं. "उलटी व्हयनी, उठता येयेना. पोरगा म्हने एक पुडी द्या. त्यासनी हात लावू दिधा नही. म्हनेत, झाड झोपेल शे. शेवटपावत पथ्य पाळं त्यासनी, नाना. तुम्हले कळावं म्हनीसन उनू."

नानांनी डोक्यावरची टोपी काढली.

बाईंनी कमरेची पिशवी सोडली. आत पाकीट होतं, दोऱ्यानं नीट बांधलेलं, अर्धं भरलेलं. "इतल्या उरन्यात," त्या म्हणाल्या. "वाया कसाले जावाले पाहिजेत. कोना तरी कामे येतीन."

त्यांनी पाकीट पुढे धरलं. नानांचा हात उठायच्या आधी पुरुषांच्या रांगेतल्या पहिल्या माणसानं ते घेतलं.